बायकोच्या व्हिसावर

सहा वर्षं मी बायकोच्या व्हिसावर शारजात राहिलो. माझ्या कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा आमची मुलगी पाच वर्षांची होती. बायको दुबई मरीनातल्या एका हॉटेलात अकाउंट्सला होती, नोकरी पक्की होती. तिने तिच्या नोकरीवर मला स्पॉन्सर केलं आणि मी शारजातल्या रोल्ला भागातलं आमचं घर सांभाळायला लागलो. मुलीला स्कूलबसमध्ये बसवायचं, मासळी आणायची, संध्याकाळी बायको ट्रॅफिकमधून दमून आली की चहा पुढे करायचा. वसईला आईशी फोनवर बोलताना हे सगळं सांगायला जरा जड जायचं, पण मला ते दिवस आवडत होते.

आमच्यात भांडणं नव्हती. तिसरं माणूसही नव्हतं. हळूहळू आमचं बोलणं फक्त मुलीबद्दल आणि सामानाबद्दल उरलं होतं. एका शनिवारी मुलगी मैत्रिणीकडे गेलेली असताना बायको माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आपण एकमेकांशी चांगलं वागतो. पण आपण नवरा-बायको राहिलेलो नाही. मला वेगळं व्हायचंय."

मलाही ते कळत होतं. मी मान हलवली. मग तिनेच विचारलं, "तुझ्या व्हिसाचं काय?"

ते मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

खाली व्हिसाचे अर्ज भरून देणारं टायपिंग सेंटर होतं. तिथल्या मल्याळी माणसाला मी विचारलं, घटस्फोटानंतर वर्षभर राहता येतं असं ऐकलंय, ते कसं करायचं? तो म्हणाला, "वो लेडीज के लिए है, भाईसाब. जेन्ट्स को नौकरी चाहिए. मॅडमने कॅन्सल किया तो थोडा टाइम मिलेगा, फिर बाहर." त्याने हे अगदी सहज सांगितलं. रोज कुणाला तरी सांगत असणार.

घरी येऊन मी बायकोला ते जसंच्या तसं सांगितलं. मुलगी इथे जन्मलेली, तिची शाळा इथली. मी वसईला गेलो असतो तर वर्षातून एकदा भेटलो असतो.

"आधी तुझी नोकरी, मग कोर्ट," बायको म्हणाली.

त्यात जवळजवळ वर्ष गेलं. आम्ही त्याच घरात राहिलो, ती मुलीच्या खोलीत झोपायची. एकदा मी भांडी घासत होतो आणि ती बाहेर बहिणीशी फोनवर बोलत होती. बहीण म्हणत असावी, कॅन्सल करून मोकळी हो. बायको आवाज न चढवता म्हणाली, "माझ्या मुलीचा बाप आहे तो. तो इथेच राहणार." मी नळ चालूच ठेवला, म्हणजे मी ऐकलं असं तिला वाटायला नको.

सहा वर्षांच्या गॅपमुळे कुणी दाद देत नव्हतं. सीव्ही मुलीने तिच्या लॅपटॉपवर नीट करून दिला. त्या सहा वर्षांपुढे मी 'हाउसवर्क' लिहिलं होतं. ती म्हणाली, "डॅडी, यू कान्ट राइट दॅट. राइट होम मॅनेजर."

"असं कुणी लिहितं का?"

"बट यू आर," ती म्हणाली आणि टाइप करून मोकळी झाली.

शेवटी हमरिया फ्री झोनमधल्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात स्टोअरकीपरसाठी बोलावणं आलं. मॅनेजर वयस्क होते, हिंदीत बोलत होते. त्यांनी 'होम मॅनेजर' वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बीवी का वीजा है, तो अब नौकरी क्यों चाहिए?"

गोलगोल बोलायचा मला कंटाळा आला होता. "तलाक होनेवाला है. बेटी यहाँ है," मी म्हणालो.

"कितने साल की?"

"ग्यारह."

त्यांनी माझा सीव्ही बाजूच्या फायलीत ठेवला. मग म्हणाले, "कल पासपोर्ट की कॉपी भेज दो."

त्यानंतर कोर्टाचं काम फारशी खळखळ न होता झालं. वसईला आई म्हणाली, कोर्टाने काही म्हणू दे, चर्चच्या लग्नाच्या वहीत तुम्ही दोघं आहातच. मी वाद घातला नाही.

माझा व्हिसा रद्द करायला आम्ही दोघं त्याच टायपिंग सेंटरमध्ये गेलो. अर्ज स्पॉन्सरकडूनच जावा लागतो. त्या माणसाने स्क्रीन वळवून बायकोला विचारलं, "मॅडम, कन्फर्म?"

"इनका कंपनीवाला परमिट पक्का आया है ना?"

"आया है, मॅडम. मेडिकल हो जाए, फिर खलास."

"मुझे दिखाइए."

त्याने दाखवलं. तिने माझा पासपोर्ट मागून घेतला आणि नंबर एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. नावाचं स्पेलिंग पाहिलं. मागे लोक खोळंबले होते, पण तिने घाई केली नाही. मग हळूच म्हणाली, "ठीक है. कीजिए."

गाडीत बसल्यावर ती रडली. मी टिश्यूचा बॉक्स पुढे केला. नाक पुसत ती म्हणाली, "रिन्यूअलची तारीख लक्षात ठेव. तुला असलं काही लक्षात राहत नाही."

"तू सांगशील ना?"

"सांगेन," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

रोल्लातच, दोन गल्ल्या सोडून, वसईच्याच एका कुटुंबाकडे मी खोली घेतली. पहिल्या शनिवारी मुलगी बॅग घेऊन आली. तिने खिडकीतून खाली पाहिलं, पलंगावर बसून पाहिलं, मग कपाट उघडलं. अर्धं कपाट मी तिच्यासाठी रिकामं ठेवलं होतं.

"इज दिस माइन?"

"तुझंच."

तिने चार कपडे आणि एक पुस्तक नीट लावलं. दुपारी आम्ही बोंबील तळले. घरच्या काकूंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि तिच्याशी वसईच्या बोलीत बोलू लागल्या. तिला निम्मंच कळत होतं, तरी ती हसत होती. संध्याकाळी मी तिला घरी सोडायला निघालो तेव्हा बॅग हलकी लागली. कपडे ती कपाटातच ठेवून आली होती.

"राहिले की तुझे," मी म्हणालो.

"आय नो," ती म्हणाली आणि माझा हात धरून रस्ता ओलांडू लागली.