लहान केलेलं चैत्रांगण

आईनं दारात चैत्रांगण काढलं, ते काढतानाचा व्हिडिओ मी नव्या कॅमेऱ्यानं टिपला. इंदूरच्या मावशीला ते बघायचं होतं. पण फाइल एवढी अवजड की घरच्या ग्रुपवर चढेना, म्हणून ती लहान करायला लावली. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. तोवर मी मूळ व्हिडिओ बघत बसले.

त्यात रांगोळीचा कण न् कण दिसत होता. कासवाच्या पाठीवर आईची चिमूट आली आणि मला तिची बोटं थरथरताना दिसली. पुढे गोपद्मांतही, गौरीच्या पाळण्याच्या दोरीतही. मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. रोज तिच्या हातचा चहा पिते मी, आणि हे मला कॅमेऱ्यानं सांगावं?

पट्टी संपली. लहान झालेला व्हिडिओ लावला, तर त्यात रेघा सरळ होत्या आणि हात स्थिर होता. थरथर त्यात मावलीच नव्हती. दूरच्या माणसांना आपण सगळं असंच तर पाठवतो, जाईल एवढं करून.

आई कधीपासून मागे उभी होती कोण जाणे. “हाच पाठव,” ती म्हणाली.

मावशीचा निरोप लगेच आला, “ताईचा हात अजून तसाच आहे गं.”

आईनं तो दोनदा वाचला. मग फोन मला परत दिला, दोन्ही हातांनी धरून.