समुद्रात काढलेला झिरा

भूगोलात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते, हे आधी सांगून टाकते. भरती-ओहोटीची आकृती मी चंद्रासकट डोळे मिटून काढायची. एवढं डोकं घेऊन मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी औरंगाबादहून कोकणात गेले आणि सासूला बुडवायला निघाले.

नवऱ्याच्या हापिसात कुणी सांगितलं होतं, लॉज स्वस्त आहे आणि खिडकीतून समुद्र दिसतो. चार खोल्या, वर कौलं, खाली काळे धारदार खडक. दिवस मावळताना पोचलो तेव्हा पाणी कुंपणाखालीच आदळत होतं. पण आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूचं, दुखणं वेगळंच. लॉजच्या विहिरीचं पाणी मचूळ. दोन घोट घेतले आणि तांब्या सरकवला.

"ह्यात डाळ शिजवली तर मीठ नको," म्हणाल्या. सकाळपर्यंत त्यांचे ओठ सुकून गेले.

दुसऱ्या दिवशी नवरा परतीच्या गाडीचं बघायला गावात गेला. खिडकीतून बघते तर खाली समुद्रच नाही! नुसते ओले खडक, मधे वाळू, आणि पाणी लांब कुठंतरी.

"अगं, पाणी गेलं कुठं?" आत्याबाईंनी विचारलं.

"ओसरलं," मी म्हणाले. मला काय, माहेरी सोयगावकडं उन्हाळ्यात नदी अशीच जायची. मग वाळूत हातभर खड्डा खणायचा, की गोड पाणी पाझरतं. त्याला आम्ही झिरा म्हणतो. डोक्यात उजेड पडला! वाळू आहे, म्हणजे झिरा निघणारच.

लॉजवाली बाई अंगणात धुणं वाळत घालत होती. आमच्या हातात तांब्या बघून म्हणाली, "खडपावर जाव नकात हां. दुपारचा पाणी चढता."

मी मनात म्हटलं, बघा, खडकांवर जाऊ नका म्हणते, म्हणजे हिचा झिरा असणार खाली. आमच्याकडं चांगला झिरा कुणी दुसऱ्याला दाखवत नाही. तिची पाठ वळली तशी आत्याबाईंचा हात धरून मी उतरले.

त्यांचे गुडघे धरलेले. एका सपाट खडकावर त्यांना बसवलं आणि मी वाळू उपसायला लागले. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. होड्या सगळ्या पार वर ओढलेल्या. माझ्या डोक्याच्याही वर, कड्याला हिरवं शेवाळ आणि शिंपल्या चिकटलेल्या. ते बघून माझ्यासारख्या हुशार बाईला काही वाटायला नको का? मला वाटलं, छान रंग आहे.

खड्ड्यात पाणी आलं. चाखलं, थुंकलं. अजून खोल गेले.

"पोरी, हे खेकडे सगळे वर का चाललेत?"

"ऊन लागत असंल त्यांना."

तेवढ्यात खडकाच्या पोटात घुटकन आवाज झाला, कुणी मोठा घोट घ्यावा तसा. मग दुसरा. वळून पाहिलं. आम्ही जिथून चालत आलो ती घळ भरली होती. लाट नाही, गडबड नाही, पाणी गुपचूप मागून आलेलं.

एकटी असते तर मी पळून सुटले असते. आत्याबाई उठूच शकत नव्हत्या. "तू जा," म्हणाल्या, आणि माझा पदर मात्र घट्ट धरलेला!

मी बोंब मारली. लॉजवाली धावत आली, धुण्याची दोरी कपड्यांसकट ओढून काढली आणि फेकली. ती मी आत्याबाईंच्या कमरेला बांधली. घळीत पाणी माझ्या छातीला लागलं. मी मागून ढकलते, ती वरून ओढते, आणि तिच्या घरच्यांचे सदरे आमच्याभोवती तरंगतायत. तांब्या गेला तो गेलाच.

वर आल्यावर लॉजवालीनं दोरी पिळून पुन्हा बांधली आणि उरलेले सदरे वाळत घातले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नवरा आला. "आई, लुगडं कशानं भिजलं?"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मेलेच.

"पाय धुतले," त्या म्हणाल्या. मग लॉजचं तेच मचूळ पाणी मागितलं आणि फुलपात्र भरून, तोंड वाकडं न करता, प्यायल्या. खिडकीखाली घुटकन आवाज होत होता. आत्याबाई बसल्या होत्या तो खडक कुठं होता, ते मला ओळखू येईना.