सुईला दिलेली मोकळीक

१९९४ साल. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंतच, पण कुस्तीतला माझा शब्द गावात कुणी खाली पडू देत नव्हतं.

त्या साली नांदूरघाटाकडच्या पैलवानांत अंग फुगवायच्या सुईचं खूळ शिरलं. मेडिकलवर राजरोस मिळायची, चिठ्ठी कुणी मागत नव्हतं. सुई घेणाऱ्याला जत्रेत खेळू द्यायचं का, म्हणून आम्ही पंच पारावर बसलो.

मी म्हणालो, "दुकानात उघड मिळती ती आपण काहून अडवायची? ज्याचं अंग त्याची मर्जी."

एक म्हातारा पंच म्हणाला, "अन् तुझ्याच घरात शिरली म्हंजे?"

"आमचं पोरगं दूध-बदामावरचं हाय. तुमी तुमचं बघा!"

सगळे हसले. मोकळीक मिळाली.

माझा मुलगा चोवीसचा. जत्रेतल्या कुस्तीला त्याची जोड ठरली. आमच्याकडं जोड ठरली की पंच घरी नारळ देतात. तो नारळ कुस्ती होईपर्यंत भिंतीतल्या देवळीत राहतो; परत दिला म्हणजे कुस्ती सोडली. घेतलेला नारळ आमच्या घरातून कधी परत गेला नव्हता.

दोन महिन्यांत पोराचे दंड मांडीएवढे झाले. मी गावभर मिरवलो. मग तो सुनेवर ओरडायला लागला, एकदा भरलं ताट भिंतीवर फेकलं. पाठभर फोड आले. मला वाटलं, बदामाची उष्णता. फोडाला आम्ही तालमीची माती लावतो, ताक-हळद-तेल मुरलेली. मीच माझ्या हातानं आठ दिवस लावली. पाठ पिकली, ताप चढला.

केजच्या डॉक्टरनं पू काढला. विचारलं, "सुया किती घेतल्या?"

"एकबी न्हाई," मी बोललो.

पोरानं मान खाली घातली. "लई घेतल्या."

डॉक्टर म्हणाला, काळजावर ताण आलाय, आखाड्यात उतरला तर जिवाचं सांगता येत नाही.

घरी आल्यावर मी ओरडलो, "चोरून काहून घेतली रे?"

"चोरून कसली, आबा? पारावर तुमीच मोकळी केली. आता नारळ घरात हाय, मला उतरावंच लागंल. का तुमी परत नेता?"

सून दारात उभी होती. माझ्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेटा बांधला, देवळीतला नारळ घेतला आणि पारावर सगळ्यांदेखत पंचांपुढं ठेवला. म्हणालो, "हा परत घ्या. माझं त्या दिवशीचं बोलणंबी."