राखून न ठेवलेली खोली

जिवंत मुलाचं शय्यादान करून त्याचा कर वाचवणारा बाप या पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि ते माझे मामेसासरे होते. त्यांच्याइतका हिशेबी, त्यांच्याइतका कायद्याला भिणारा आणि भर दुपारी दुसऱ्याच्या अंगावर काटा आणणारा माणूस मी आणखी पाहिला नाही. आता पाहीन असं वाटतही नाही.

धुळ्याला देवपुरात त्यांचं चार खोल्यांचं घर होतं. माझ्या यजमानांची नोकरी साक्रीला. तिथे बिऱ्हाडाला जागा मिळेना, म्हणून लग्नानंतर सहा वर्षं मी मामा-मामींकडेच राहिले. मी जळगावकडच्या केळीच्या गावातली, शाळा चौथीपर्यंत. पण अक्षर बरं होतं, आणि मामांचा हात कापायचा. त्यामुळे स्वयंपाक आटोपला की मामा हाक मारत, "सूनबाई, दौत घ्या." मग मी पदर सारखा करून पाटावर बसायची आणि ते सांगतील ते उतरवून घ्यायची. जन्मभर त्यांनी एका कराच्या वकिलाकडे कारकुनी केली होती. कोर्टात बोलत वकीलसाहेब, पण बोलायचं काय ते मामा लिहून देत, असं निदान मामांचं म्हणणं होतं.

तुलना हे त्यांचं व्यसन. दुसऱ्यांना तंबाखू लागते तशी त्यांना तुलना लागायची. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना एकटी बघवत नसे, तिच्याशेजारी दुसरी ठेवल्याशिवाय चैन पडत नसे. पांझरा ओलांडून बाजारात जायला एक मोठा पूल आणि एक पात्रातली खालची फरशी असे दोन रस्ते. मामांनी दोन्हीकडून सहा-सहा महिने जाऊन वहाणा कुठे जास्त झिजतात ते पाहिलं. फरशी स्वस्त पडली. मग नदीला पूर आला तरी ते फरशीच्या तोंडाशी पाणी उतरायची वाट बघत उभे राहिले आणि संध्याकाळी वांगी न घेताच परत आले. मामी म्हणायच्या, "मला बघायला आले त्याच दिवशी दोंडाईच्याची एक मुलगी बघून आले होते. दोघींचा तक्ता केला होता म्हणे. मी कशात पुढे होते ते अजून सांगितलं नाही." मामा यावर नुसते चष्मा पुसायचे.

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा विमान चालवायला लागला. हे माझे दीर, भाऊजी. मुंबईला शिकले, तिथल्याच एका कंपनीत लागले. पुढे देशातल्या कंपन्या एकत्र झाल्या, तेव्हा कुणाला कुठला पगार मिळणार याचा गोंधळ उडाला, आणि भाऊजींनी आखाताकडच्या एका परदेशी कंपनीशी करार केला. तिथे वाळवंटात तेल काढणारी माणसं असतात, त्यांना इकडून तिकडे न्यायचं. मामांनी विमान जवळून कधी पाहिलं नव्हतं, पण त्या दिवसापासून पायलटचा पगार हा त्यांचा सगळ्यात मोठा विषय झाला. तक्त्याला तीन रकाने: देशातली कंपनी, आखात, आणि कुणीतरी सुचवलेली आफ्रिका. मूळ पगार, हवेत काढलेल्या तासांचा भत्ता, घरभाडं, रजेला यायचं भाडं, विमा, आणि शेवटी तांबड्या शाईत कर. दरवेळी आखात जिंकायचं, कारण तिथे कराच्या जागी शून्य. ते शून्य काढताना मामा मला थांबवत. "मोठं काढा, सूनबाई. एवढं सुंदर शून्य पुन्हा लिहायला मिळत नाही."

पण मामा कायदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. एके दिवशी ते पुस्तक मिटून भिंतीकडे बघत बसले. जेवायला हाक मारली तरी उठेनात. मग मामींना जवळ बसवून सांगितलं, की बाहेरच्या कमाईवर इथे कर नको असेल तर माणूस इथला रहिवासी ठरता कामा नये. अर्ध्या वर्षाहून जास्त इथे राहिला तर रहिवासी, ते ठीक, तितका तो राहत नाही. पण पुढचं कलम घात करणारं आहे. त्याच्यासाठी इथे राहायची जागा कुणी राखून ठेवली असेल, तर तो एक दिवस आला तरी रहिवासी.

"आपल्या पोराची खोली," मामी म्हणाल्या, "ती काय भाड्याने राखलीय?"

"त्याची खाट आहे ना तिथे?"

"आहे."

"गादी आहे, छत्री आहे, वहाणा आहेत, पाणी प्यायचा तांब्या आहे. उद्या साहेब आला आणि म्हणाला, हे कुणाचं, तर काय सांगशील?"

"माझ्या पोराचं म्हणीन."

"झालं! मेलो!" मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामी नदीकाठच्या देवळात गेल्या असताना मामांनी हातगाडी बोलावली. खाट, गादी, चादर, छत्री, वहाणा आणि तांब्या तिच्यावर चढवून त्यांनी ते सगळं गल्लीतल्या गरीब गुरुजींच्या दारी पाठवलं. सामान फुकट जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. पण आमच्याकडे माणूस गेल्यावर तेराव्याला नेमकं हेच देतात, आणि ब्राह्मणालाच देतात. मामांच्या ते ध्यानातच आलं नाही. गुरुजींच्या मात्र आलं. त्यांनी हातगाडी पाहिली, डोळे पुसले, आणि हातावर पाणी सोडून भाऊजींचं नाव-गोत्र उच्चारून दान रीतसर घेतलं.

तासाभरात घर भरलं. शेजारच्या अक्का सगळ्यांच्या पुढे. "काय व्हयनं व माय? परवादिन ते पोऱ्यानं पत्र उनं व्हतं ना? आमले सांगं बी नही!" असं म्हणत त्यांनी देवळातून नुकत्याच आलेल्या मामींच्या गळ्यात हात टाकले. मामींना काही कळेना. त्यांनी खोलीत डोकावून पाहिलं आणि त्या उंबऱ्यावरच बसल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून चार घरांतून पिठलं-भाकरी आली होती. मामांनी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, की मुलगा ठणठणीत आहे, हा फक्त कराचा प्रश्न आहे. कुणाचा विश्वास बसला नाही. दुःखाने माणूस असं बोलतो, असं म्हणत लोक हळूहळू निघून गेले. मग मामांनी पिठलं झाकलेल्या ताटांकडे पाहिलं. "आणलंच आहे तर वाया कशाला घालवायचं?" ते म्हणाले आणि दोन भाकरी जेवले. मामींनी त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नाही.

त्यानंतर भाऊजींचं पत्र यायचं थांबलं.

दर महिन्याला येणारं पत्र एक महिना आलं नाही, दोन महिने आलं नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की पिठात असतील तसे हात घेऊन मामी दारात उभ्या राहत. त्यांना काय वाटत होतं ते मला ठाऊक होतं. पाणी सोडून नाव उच्चारलं होतं. आता ते परत कसं घ्यायचं?

आणि मग ती पावलं दिसायला लागली.

धुळ्याचा उन्हाळा. दुपारी बारा वाजता गल्लीत कुत्रंही उभं राहत नाही. जेवणं झाली की आम्ही तिघं तीन खोल्यांत आडवे व्हायचो. चौथी रिकामी. तिथे भिंतीतली एक खुंटी तेवढी उरली होती, कारण ती उपटली तर गिलावा पडला असता. एकदा तहान लागून मी उठले, तर मोरीपासून त्या खोलीपर्यंत शहाबादीवर ओली पावलं. लांब, अरुंद, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून मोठं. भाऊजींचं पाऊल तसंच होतं. खोलीत, जिथे खाट असायची तिथपर्यंत ती गेली होती आणि तिथेच थांबली होती. परत फिरलेलं एकही पाऊल नव्हतं. माझ्या देखत ती कडेकडेने वाळत गेली आणि नाहीशी झाली.

चार दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी मी फडकं आणायला वळले, तर मामी मागे उभ्या.

"पुसू नकोस," त्या म्हणाल्या.

"मामी, तुम्हीही पाहिलंत?"

"महिना झाला बघतेय. येतो तर येऊ दे. दुसरीकडे जायला त्याला जागा कुठाय?"

संध्याकाळी धीर करून मी मामांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "कर खात्याच्या साहेबाला दाखवता येईल असं काही आहे त्या खोलीत?"

"नाही."

"मग मला काही अडचण नाही."

तिसऱ्या महिन्यात दोन पत्रं एकदम आली. कंपनीने भाऊजींना वाळवंटात आत कुठेतरी पाठवलं होतं, तिथून टपाल निघत नव्हतं. मामींनी मला ती पत्रं सात वेळा वाचायला लावली. वाळणारी पावलं मात्र थांबली नाहीत. आम्ही दोघी त्याबद्दल बोलेनाशा झालो. ज्या बाजूने ती यायची त्या बाजूला मी पाय करून झोपत नसे, एवढंच.

पुढच्या हिवाळ्यात भाऊजी स्वतः आले. मामांनी आधीच बजावलं होतं, की हे प्रासंगिक येणं आहे, कुणीही "घरी आलास" म्हणायचं नाही. त्यांनी मुलाला ओसरीवर बसवलं, पाहुण्यांच्या तांब्यातून पाणी दिलं आणि विचारलं, "काय पाहुणे, प्रवास ठीक झाला ना?" भाऊजी मोठ्याने हसले. मग दाराआड उभी असलेली आई दिसली आणि त्यांचं हसू थांबलं. गल्लीतली माणसं लांबूनच बघत होती. फक्त अक्का पुढे आल्या. त्यांनी भाऊजींचा हात दोन्ही हातांत धरून पाहिला, आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "हात ते गरम शे!" त्यानंतर बायका आत आल्या.

चार दिवस ते ओसरीवर चटईवर झोपले. निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांना त्या खोलीत उभं पाहिलं. त्यांनी एक टाळी वाजवली. रिकाम्या खोलीत ती दोनदा वाजली.

"वहिनी," ते म्हणाले, "गुरुजींनी आज मला रस्त्यात नमस्कार केला. माझी छत्री होती त्यांच्या हातात. मी आहे ना खरंच?"

मी खाली पाहून म्हटलं, "चहा ठेवते."

जाताना ते आईला सांगून गेले, की करार वर्षभराने संपतो. पुन्हा सही केली तर ती पाच वर्षांची. नाहीतर मुंबईला परत येता येईल, पगार कमी, वर कर. बाबांचा तक्ता येऊ दे, मग ठरवतो. गाडी गेल्यावर मामींनी माझा दंड घट्ट धरला. "तक्ता तू लिहितेस ना? मला वाचता येत नाही. पण तू लिहितेस ना?" पाच वर्षं मामी काढू शकणार नव्हत्या. त्यांना तेव्हाच धाप लागत होती.

वर्ष सरत आलं. तक्त्याचा दिवस ठरला त्याच्या आदल्या दुपारी मला झोप नव्हती. उद्या आखाताखाली ते सुंदर शून्य मीच काढणार होते. मोरीत पाण्याचा आवाज झाला. मी दाराच्या फटीतून पाहिलं.

मामा होते. धोतर गुडघ्यापर्यंत धरून त्यांनी पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. मग जपून, मोजल्यासारखं एकेक पाऊल टाकत ते त्या खोलीत गेले. खाटेच्या जागी उभे राहिले. भिंतीतल्या खुंटीवर तळवा ठेवून बराच वेळ तसेच उभे होते. मग खांद्यावरच्या पंच्याने पाय कोरडे केले आणि बाहेर आले. म्हणून परतीची पावलं नसत. बापलेकांचं पाऊल एकच, हे इतक्या दिवसांत आम्हा दोघींच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी मला पाहिलं. मी पदर ओढून भिंतीकडे तोंड केलं.

"पाणी वाळतं, सूनबाई," ते हळू आवाजात म्हणाले. "वाळणाऱ्या गोष्टीला राखून ठेवलं म्हणत नाहीत. मी कलम तीनदा वाचलंय."

दुसऱ्या दिवशी दौत घेऊन बसलो. मामा खणखणीत आवाजात सांगत होते आणि मी लिहीत होते. देशातली कंपनी, आखात, आफ्रिका. भत्ते, भाडी, विमा, कर. आखात पूर्वीपेक्षाही मोठ्या फरकाने जिंकलं. मी शून्य काढलं. आतल्या दाराशी मामी बसल्या होत्या, त्यांना सगळं ऐकू येत होतं. मी टाक खाली ठेवणार तोच मामा म्हणाले, "थांबा. आणखी एक रकाना आखा."

"चौथा? कुठल्या कंपनीचा?"

"आखा."

मी आखला. "वर काय लिहू?"

"काही नको."

"आणि खाली?"

"काही नको म्हटलं ना. तसाच जाऊ दे." आणि ते उठून चष्मा पुसत ओसरीवर गेले.

भाऊजींचं उत्तर तीन ओळींचं आलं. मी ते मोठ्याने वाचलं. तीर्थरूप बाबांस, तक्ता मिळाला. शेवटच्या रकान्याप्रमाणे करतो आहे. मामींनी तोंडाला पदर लावला. मामा म्हणाले, "गाढव आहे. सरळ सरळ तोट्यात आलाय." मग वहाणा चढवून ते खाट घ्यायला बाजारात गेले. दोन सुतारांच्या खाटांची तुलना करण्यात त्यांना अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आम्ही दोघी मिळून जितकं हसलो, तितकं त्या घरात पूर्वी कधी हसलो नव्हतो.

भाऊजी मुंबईहून दर दोन-तीन महिन्यांनी येत, आणि आले की सगळी गल्ली ऐकेल असं मामा दारातूनच म्हणत, "घरी आलास? भर आता कर!" असं त्यांनी दोन वर्षं म्हटलं. तिसऱ्या उन्हाळ्यात ते गेले, झोपेतच. तेराव्याला गुरुजींना खाट, गादी, छत्री दिली. या वेळी नाव बरोबर माणसाचं होतं. गुरुजी फार रडले.

नंतर यजमानांना साक्रीला जागा मिळाली आणि मी निघाले. निघायच्या आधीची दुपार. भाऊजी मुंबईला होते. मामी माझ्यासमोर झोपल्या होत्या, पाय कोरडे, भेगाळलेले. मी पाणी प्यायला उठले.

मोरीपासून खोलीपर्यंत पावलं होती. आता तिथे भाऊजींची खाट होती, चादर घातलेली, उशाशी तांब्या. पावलं खाटेपर्यंत जाऊन थांबली होती.

मला भीती वाटली नाही. मी उंबऱ्यावर बसले आणि ती वाळेपर्यंत बसून राहिले.