दोनशे अंशांवरचं गार आधण

नियाज मिस्त्रींना चिलर दुरुस्तीला बोलवायचं म्हणजे थोडी मस्करी सोसायची तयारी ठेवायची, हे अख्ख्या वाळवा तालुक्याला ठाऊक होतं. वीरधवलला नव्हतं. इस्लामपूरजवळच्या दूध शीतकरण केंद्रावर तो मॅनेजर होऊन जेमतेम महिना झाला होता.

सकाळी सातला दूध गार करणारा चिलर बंद पडला. पडद्यावर कॉम्प्रेसरच्या मोटरचं तापमान दोनशे अंश. नियाज दहाला पोचले तेव्हा घामाघूम वीरधवल फोनवरून नवी मोटर मागवत होता.

नियाजनी पडदा पाहिला. मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"दोनशे म्हंजे लय झालं, साहेब," ते गंभीरपणे म्हणाले. "वाया कशाला घालवायचं? अंजनाताई, चहाला आधण आणा."

दूध तपासणाऱ्या अंजनाताई त्यांना ओळखून होत्या. हसू ओठांत दाबून त्यांनी पाण्याचं पातेलं आणलं. नियाजनी ते कॉम्प्रेसरवर ठेवलं. दहा मिनिटं वीरधवल सारखा डोकावत होता.

"उकळत कसं नाही?"

"बोट घालून बघा की."

त्यानं भीतभीत बोट बुडवलं. पाणी गार. मग कॉम्प्रेसरला हात लावला. तोही गार.

"तीन तास बंद हाय, तरी दोनशे? मोटर न्हाई तापली. तिचा ताप मोजणारा सेन्सर मेलाय."

वीरधवलचे कान लाल झाले. "मग सेन्सर वगळून चालू करा. दूध नासेल!"

नियाजचं हसू मावळलं. "तरुणपणी मिरजेत एका मालकाच्या हट्टापायी तसं केलं व्हतं. आठ दिवसांत मोटर जळाली. तो वास अजून नाकात हाय."

त्यांनी जोडणीचा डबा उघडून मीटर लावला. सेन्सर आतून तुटलेला. मात्र कंपनीनं मोटरच्या गुंडाळीत एक जादा सेन्सर घालून ठेवला होता. तो ठणठणीत निघाला. वायरी तिकडं जोडल्या, कुलूप काढलं, स्विच वर केला. पडद्यावर एकोणतीस अंश आले आणि चिलर घुमू लागला. नवी मोटर नको, हे सांगायला वीरधवलनं लगबगीनं फोन उचलला.

डब्याच्या झाकणावर नियाजनी पेननं लिहिलं : जादा सेन्सर वापरला. आता शिल्लक नाही.

"आणि हाही गेला तर?" वीरधवलनं विचारलं.

"तर मोटर खोलावी लागंल. लय घाण काम. तवा मला आधी फोन करा."

"लगेच याल ना?"

"न्हाई, म्हंजे मला मेव्हण्याकडं वाईला पळता येईल."