बुधवारचे सल्लागार

वकील संघाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, संडासाला लागून एक खोली आहे. दारावर 'गोपनीय' अशी पाटी. आत टेबल, फोन आणि एक वही. धंद्यात काय करावं, काय करू नये असा पेच एखाद्या वकिलाला पडला, तर त्याने इथे फोन करायचा. नाव सांगायचं नाही, पक्षकाराचं तर मुळीच नाही. इथे बसलेला जुना वकील सल्ला देणार, वहीत फक्त प्रश्न आणि उत्तर लिहिणार, आणि ऐकलेलं जन्मात कुणाला सांगणार नाही. योजना झकास. फक्त ती वकिलांसाठी आहे, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

दर बुधवारी दुपारी तिथे बसत ते तुसडे. हे त्यांचं आडनाव नव्हे, कोर्टातल्या लोकांनी ठेवलेलं नाव. त्यांना ते मनातून आवडायचं. चौतीस वर्षं त्यांनी मृत्युपत्रं आणि वाटण्या केल्या, एक कागद खोटा केला नाही, आणि हे ते कुणी न विचारता सांगत. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. बहीण वारल्यावर तिची मुलगी त्यांनीच वाढवली. या भाचीखेरीज जगात धड माणूस त्यांना दिसत नसे.

फोन करणारे तर त्यांना डोळ्यांसमोर नकोत. "माझ्या एका मित्राला विचारायचंय," अशी सुरुवात. मित्र कसला बोडक्याचा! एकाने पक्षकाराचा कागद स्वतः फाडला होता, आणि 'गहाळ झाला' म्हटलं तर चालेल का, हा त्याचा नैतिक पेच. एका बाईंनी भांडणाऱ्या दोन्ही भावांची वकीलपत्रं घेतली होती. एक सोडायचं म्हणजे जिवावर आलं होतं त्यांच्या. उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. यांना हवा असतो होकार, म्हणजे उद्या अंगाशी आलं की 'मी विचारलं होतं' म्हणून हात झटकायला मोकळे. बुधवारी होकार मिळाला नाही की हेच महाभाग गुरुवारी पुन्हा फोन करत, कारण गुरुवारच्या बाई जरा मऊ आहेत.

त्या बुधवारी चारच्या सुमाराला एक तरुण आवाज आला. चाचरत बोलत होता. समोरच्या वकीलबाईंनी आपल्या सहकाऱ्याला पाठवायची मेल चुकून त्याला आली होती. पत्त्याची दोन अक्षरं टाइप केली की यंत्र पुढचं नाव आपणच सुचवतं, आणि बाईंनी न बघता बटण दाबलं होतं. आत त्यांच्या अशिलाचं पत्र.

"वाचलंत?" तुसडेंनी विचारलं.

"पहिलं पान, सर. कळल्यावर थांबलो. दुसरं नाही वाचलं."

हो, आणि मांजराने दूध फक्त हुंगलं, तुसडे मनात म्हणाले.

"मुलीच्या ताब्याचा दावा आहे, सर. आईने लिहिलंय की मुलीला एकटी ठेवून ती बाहेर गेली, आणि पोर बाथरूममध्ये अडकली. शेजाऱ्यांनी खिडकीची जाळी कापून काढली. हे कोर्टात आलं तर माझा पक्षकार जिंकतो."

तुसडेंचा हात वहीवरच थांबला. ती जाळी त्यांनीच माणूस बोलावून पुन्हा बसवून घेतली होती. पोर त्यांच्या भाचीची.

ओळखीचं प्रकरण निघालं की तिथल्या तिथे 'मला ऐकता येणार नाही' म्हणायचं, हा नियम इथल्या नियमांच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे. तो तुसडेंनीच लिहिला होता. पण ते ऐकत राहिले. मग कोरडेपणाने म्हणाले, "परत करा. जेवढं वाचलं तेवढं लेखी कळवा. पक्षकाराला अक्षर सांगू नका."

"तेच मनात होतं, सर. थँक्यू."

काय करणार आहे हा परत! उद्या गुरुवार, उद्या मऊ बाईंना विचारील. तीन दिवस तुसडेंना अन्न गोड लागेना. भाचीची पोर जाणार, आणि या भामट्यांच्या गुपितापायी आपण तोंडाला कुलूप लावून बसायचं?

रविवारी भाची आली. पोरीला मांडीवर घेऊन तिची नखं कापत होती.

"तुझं ते जाळीचं पत्र," तुसडे म्हणाले, "तुझ्या वकीलबाईंना विचार, कुणाच्या पत्त्यावर गेलंय."

भाचीचा हात थांबला. "म्हणजे? मामा, त्यांच्या वकिलाने वाचलं?"

"म्हणे पहिलंच पान वाचलं! एवढा साळसूद लागून गेलाय!"

सोमवारी सकाळी नऊ वाजता वकीलबाईंची चांगली सणसणीत नोटीस निघाली. दुपारी बाराला समोरून सीलबंद पाकीट आलं, आतल्या पत्रावर शनिवारची तारीख. तुमची मेल चुकून मला आली. पहिलं पान वाचलं, पुढे वाचलं नाही. प्रत पुसली आहे, पक्षकाराला सांगितलेलं नाही. तुमची हरकत असेल तर मी या दाव्यातलं वकीलपत्र सोडतो.

ही बातमी घेऊन भाची मंगळवारी धावत आली. "मामा, तो खरंच सोडतोय! देवमाणूस आहे रे!" मग तिने विचारलं, "पण तुला कुठून कळलं होतं?"

"अनुभव," तुसडे म्हणाले. तोंडाशी नेहमी तयार असणारी शिवी त्या दिवशी त्यांना काही केल्या सापडेना.

बुधवारी दोन वाजता फोन वाजला. तोच आवाज, पण या वेळी चाचरत नव्हता.

"सर, मी मागच्या बुधवारचा. त्यांची नोटीस माझं पाकीट पोचायच्या आधीच निघाली. मेल कुठे गेली ते त्यांचं त्यांना कळलं असेल, मान्य. पण नोटिशीत लिहिलंय, 'तुम्ही फक्त पहिलं पान वाचल्याचा बहाणा करत आहात.' पहिल्या पानाचं मी बायकोलासुद्धा बोललो नव्हतो. फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

शेजारी कुणीतरी फ्लश ओढला. तुसडेंनी वही पुढे ओढली आणि तारीख घातली.

"ठीक आहे, सर," तो म्हणाला. "पुढच्या वेळी काही पेच पडला, तर मी कुणाला विचारणार नाही."