बिनखाचेचं नाणं

दौंडच्या घरात आप्पांचे दोन डबे होते. एकात चुकलेली नाणी, दुसऱ्यात खोटी. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या तिकीटखिडकीवरून निवृत्त झाले होते. सगळं आयुष्य चिल्लर हाताळण्यात गेल्यामुळे हा फरक त्यांना महत्त्वाचा वाटे. ठसा एका बाजूला सरकलेली आठाणी, पाठीवर आकडा उलटा उमटलेला रुपया, ही टांकसाळीची चूक. शिशाची ओतीव नाणी ही माणसाची लबाडी. "चुकीला घरात जागा हाय," ते म्हणत, "लबाडीला नुसता डबा."

मी शिरूरला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो आणि एकटा राहायचो. शनिवारी दुपारी न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दौंड. आई गेल्यापासून आम्हा दोघांत बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. नाणी होती म्हणून शनिवार निघून जायचे.

पाचाचं एक नाणं मात्र कुठल्याच डब्यात नव्हतं. तेव्हाच्या जाड पाचाच्या नाण्याच्या कडेला भोवताली खाच असे. याची कड सपाट होती. किराणावाल्याने ते चारचौघांत परत केलं होतं, "आप्पा, आता तुमीच खोटं खपवाया लागलात व्हय?" असं म्हणत. आप्पांना ते लागलं होतं. टांकसाळीत खाच पाडायची राहून गेली, एवढंच, असं त्यांचं म्हणणं.

मी ते फरशीवर वाजवलं. "बद्द वाजतंय. खोटं आहे."

"तुझं कान पुस्तकातलं. फरशी पोकळ हाय."

सोनाराच्या काट्यावर वजन जवळजवळ बरोबर भरलं. त्या 'जवळजवळ'वर आमचे कितीतरी शनिवार गेले. एकदा मी म्हणालो, "गॅसवर धरू. शिसं असलं तर वितळेल. तांबं-निकेल असलं तर नुसतं काळं पडेल."

आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घाई कसली हाय?" आणि नाणं देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवून दिलं.

आप्पा गेले तेव्हा तिरडी बांधून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "कपाळाला रुपया आणा." आमच्यात तशी रीत आहे. जमलेल्यांच्या खिशातून नोटाच निघाल्या. तात्या, माझे चुलते, आत गेले आणि देव्हाऱ्यातलं नाणं घेऊन आले.

"रुपया न्हाई गावला. पाचाचं हाय."

"चालतंय की," आप्पांचे खिडकीवरचे एक जुने सोबती म्हणाले. "जल्मभर लोकांकडं सुट्टं मागितलं. आता वर त्येच्याकडं मागत्याल."

दोघेतिघे हसले. मी कड पाहिली. 'ते अजून ठरायचं आहे' हे तिथे कुणाला समजलं असतं? तात्यांनी ओल्या कुंकवाने ते कपाळाला चिकटवलं.

तिसऱ्या दिवशी भीमेकाठी राख सावडायला गेलो. बाकीचे अस्थी वेचत होते. मी डोक्याकडची राख बोटांनी चाळत होतो.

"काय हुडकतूस?" तात्यांनी विचारलं.

"नाणं."

"आरं, शिकलेला ना तू? पाच रुपयापायी राख उपसतूस? लोक काय म्हंतील?"

ते सापडलं. काळंठिक्कर, पण पुरतं गोल. अंगठ्याने घासलं, तर आकडा जागच्या जागी. कड सपाट. घाटाच्या पायरीवर टाकलं, तेव्हा खणकन वाजलं.

"खरं आहे," मी म्हणालो.

"खरंच असणार की," तात्या म्हणाले. "मयताला खोटं कोण लावतंय? आन् घरी न्हेऊ नगंस, मसणातलं हाय."

मी ते अस्थींच्या मडक्यात ठेवलं. वाटेत तात्या तेराव्याच्या आचाऱ्याबद्दल बोलत राहिले. आप्पांचं बरोबर होतं, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. वाद कसला होता हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

महिन्याभराने एका शनिवारी मी शिरूरच्या स्टँडसमोर चहा घेत बसलो होतो. चौफुल्याची गाडी लागली, भरली, गेली. हॉटेलवाल्याने सुट्ट्यात पाचाचं नाणं दिलं. मी सवयीने कड पाहिली. खाच होती. तरी टेबलावर वाजवलं. बद्द वाजलं.

टेबल पोकळ असेल, असं म्हणून मी ते खिशात टाकलं.